एस. एस. ग्रेट ब्रिटन, ब्रिस्टल: आधी गोदीत उतरा, मग जहाजावर चढा

गोदीकाठ

इंग्लंड सहलीच्या धाग्यांत ब्रिस्टलच्या जहाजाबद्दल अधूनमधून कोणीतरी विचारतं आणि उत्तर "छान आहे, जरूर बघा" एवढ्यावर संपतं. म्हणून हा वेगळा धागा.

इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरने ग्रेट वेस्टर्न स्टीमशिप कंपनीसाठी बांधलेलं हे प्रवासी जहाज. लांबी ३२२ फूट, रुंदी ५० फूट ६ इंच. १८३९ साली बांधणी सुरू झाली आणि १९ जुलै १८४३ ला प्रिन्स अल्बर्टच्या उपस्थितीत गोदीत पाणी सोडून ते तरंगवलं. आज जहाज उभं आहे ती हीच गोदी. ज्या खळग्यात पत्र्याला पत्रा रिव्हेटने जोडला, त्याच खळग्यात ते १९७० मध्ये परत येऊन टेकलं आहे, आणि या संग्रहालयाची खरी थोरवी मला त्यातच वाटते.

आता पाहण्याचा क्रम. बहुतेक लोक आत शिरले की डोलकाठ्या पाहून थेट डेककडे जातात. डेक, केबिनी, स्वयंपाकघर, फोटो यांत दोन तास जातात, आणि दमलेल्या पायांनी गोदीत उतरून दहा मिनिटांत वर येतात. हा क्रम उलटा करा.

१. तिकीट घेतलं की आधी सुक्या गोदीत उतरा. सकाळची वेळ ठेवा, गर्दी कमी असते. इथे किमान पाऊण तास द्या.
२. मग गोदीशेजारचं संग्रहालय. ते काळाच्या उलट दिशेने लावलं आहे: १९७० पासून मागे मागे १८४३ कडे. इथे एक तास.
३. मग जहाज. वरचा डेक, पहिल्या वर्गाचं जेवणघर, इंजिन, आणि शेवटी तळातल्या वर्गाच्या झोपायच्या बाकड्या. दीड ते दोन तास.
४. ताकद उरली तर ब्रुनेलवरचं दालन, जे २०१८ साली सुरू झालं. त्याची चित्रं, हत्यारं, कागदपत्रं तिथे आहेत. ज्यांना आराखडे वाचायला आवडतात त्यांनी हे दुसऱ्या दिवसावर ठेवावं.

तिकीट आधी ऑनलाइन काढा. त्याच तिकिटावर वर्षभरात पुन्हा येता येतं, पण काढताना अट वाचून घ्या. आठवड्यातले सगळे दिवस उघडं असेल असं गृहीत धरू नका, हिवाळ्यात तर नाहीच.

---

टेम्सकाठ

उत्तम धागा. लंडनहून एका दिवसात जमतं का, आणि स्टेशनवरून कसं जायचं, हेही लिहा.

---

गोदीकाठ

जमतं. पॅडिंग्टनहून ब्रिस्टल टेम्पल मीड्सला थेट गाडी, साधारण पावणेदोन तास. हा लोहमार्गही ब्रुनेलचाच, पॅडिंग्टन स्टेशनही त्याचंच. टेम्पल मीड्सची १८४० ची मूळ शेड त्याची आहे, पण आज गाड्या लागतात तो भाग नंतरचा. स्टेशनातून बाहेर पडलात की ती जुनी शेड जरूर पाहा.

तिथून तीन पर्याय: बंदराच्या कडेने चालत अर्धा तास किंवा थोडा जास्त, बस किंवा टॅक्सी, आणि तिसरा म्हणजे फेरीबोट. फेरीबोटीला वेळ जास्त लागतो, पण जाताना तरी तीच घ्या. जहाज पाण्याच्या पातळीवरून समोर येतं आणि लांबीचा अंदाज तिथूनच नीट येतो. चालत गेलात तर वाटेत एम शेड या संग्रहालयासमोरचे जुने क्रेन आणि 'मॅथ्यू' या शिडाच्या जहाजाची प्रतिकृती लागते.

---

रसायनी

गोदीत काय पाहायचं याबद्दल लिहितो, कारण तिथे काचेखाली काय चाललंय हे कळलं नाही तर तो नुसता तळघरातला फेरफटका होतो.

जहाजाच्या पाण्याच्या रेषेवर चहूबाजूंनी काच बसवली आहे आणि काचेवर बोट-दोन बोटं पाणी खेळतं ठेवलं आहे. वरून पाहिलं तर जहाज तरंगतंय असं वाटतं. खाली उतरलात की त्याच पाण्याचे कवडसे पत्र्यांवर हलताना दिसतात. दिसायला सुरेखच, पण ही काच तिथे बसवली ती हवा कोंडण्यासाठी. खालची गोदी ही एक बंद पेटी आहे आणि तिच्यातली हवा सतत कोरडी केली जाते.

कारण मीठ. हे लोखंड शंभराहून अधिक वर्षं समुद्राच्या पाण्यात होतं. क्लोराइड गंजाच्या थरांखाली, बारीक खड्ड्यांत जाऊन बसले. वरून रंग दिला, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं, तरी आतलं क्लोराइड तिथेच राहतं. लोखंड आणि क्लोराइड मिळून जो क्षार होतो तो हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढलं, छपराखाली ठेवलं, तरी साध्या इंग्लिश हवेतल्या दमटपणावर गंज चालूच राहतो. १९७० नंतर नेमकं हेच झालं. १९९० च्या दशकाच्या शेवटी तपासणी झाली तेव्हा स्पष्ट झालं की असंच चालू दिलं तर जहाजाचं आयुष्य थोड्याच दशकांचं आहे.

उपाय काय होते? खराब पत्रे काढून नवे लावणं: मग जहाज उरतं, पण ब्रुनेलचं लोखंड उरत नाही. पत्रे सुटे करून अल्कलीच्या द्रावणात भिजवून क्लोराइड काढणं: नांगराला किंवा तोफेला चालतं, ३२२ फुटी जहाजाला नाही. तिसरा उपाय म्हणजे ओलावाच काढून घेणं. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधनातून निघालं की सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास आणली की ही क्रिया जवळजवळ थांबते. २० टक्के म्हणजे वाळवंटातली हवा. बाहेर ब्रिस्टलमध्ये बहुतेक दिवस ती ७०-८० असते.

हवा कोरडी करणारं यंत्र असं चालतं: ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचं एक मोठं चाक हळू फिरत असतं. गोदीतली हवा चाकाच्या एका भागातून जाते आणि कोरडी होऊन परत येते. चाकाचा ओला झालेला भाग फिरून दुसरीकडे गेला की त्यातून तापवलेली हवा सोडतात, ती ओलावा घेऊन बाहेर जाते. कोरडी हवा जाड नळ्यांतून थेट पत्र्यांजवळ सोडली जाते. गोदीत उतरलात की या नळ्या शोधा आणि त्यांची तोंडं कुठे वळवली आहेत ते पाहा. जहाजाच्या पोटातही, पत्र्याच्या आतल्या अंगाला, हीच व्यवस्था आहे. हे सगळं २००५ साली पूर्ण झालं.

गोदीत शिरताना दरवाजे उघडे धरून मागच्यांसाठी थांबू नका. ते मिटणं हा या व्यवस्थेचाच भाग आहे.

---

माजघर

कोरड्या हवेचा त्रास होतो का? वयस्कर मंडळींना घेऊन जायचं असेल तर?

---

रसायनी

पाऊण तासाला काही होत नाही. ओठ सुकतात, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर डोळे चुरचुरतात. उतरण्याआधी पाणी पिऊन घ्या. दम्याचं औषध चालू असेल तर ते पिशवीत नको, खिशात ठेवा.

---

शीडवाला

रसायनींनी लोखंडाचं सांगितलं, मी गोदीतल्या तीन जागा सांगतो. फेरी मारताना घाई केली तर तिन्ही सुटतात.

पहिली, उजव्या अंगाची भेग. जहाजाच्या मध्याच्या आसपास पत्र्यांवरून वरून खाली जाणारी एक डागडुजी दिसते. तिची गोष्ट दूरची आहे. १८८६ साली केप हॉर्नच्या वादळांत मार खाऊन जहाज फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅनलीला शिरलं. दुरुस्ती परवडेना, म्हणून तिथेच लोकर आणि कोळसा साठवायचं तरंगतं गोदाम झालं. लोकरीचे गठ्ठे आत-बाहेर करायला त्याच्या अंगात मोठं दार कापलं. १९३७ मध्ये ते स्पॅरो कोव्ह या खाडीत नेऊन, तळाला भोकं पाडून उथळ पाण्यात बसवलं. पुढे नाळेखालची आणि मागच्या टोकाखालची वाळू भरती-ओहोटीने वाहून गेली. मधला भाग टेकलेला आणि दोन्ही टोकं अधांतरी अशी स्थिती आली, की आधी कापलेल्या जागेपासून पत्रा फाटणारच. १९७० मध्ये सोडवणूक पथकाने त्या फटीत बेटावरच्या लोकांकडून जुन्या गाद्या मागून कोंबल्या. गाद्यांनी पाणी पुरेसं अडवलं, पंपांनी उरलेलं उपसलं आणि जहाज उचललं गेलं.

दुसरी, पत्र्यांची मांडणी. कौलं एकावर एक चढवतात तसे पत्रे एकमेकांवर चढलेले आहेत. रिव्हेटच्या रांगा मोजत पुढे जा. काही ठिकाणी रिव्हेटचं डोकं झिजून पत्र्याच्या पातळीला आलेलं आहे, काही ठिकाणी पत्रा कागदासारखा पातळ होऊन आरपार भोक पडलेलं आहे. ती भोकं बुजवून गुळगुळीत केलेली नाहीत, आणि तेच योग्य आहे. हात लावू नका. बोटांचा घामही क्षारच.

तिसरी, तळ. या जहाजाला खाली लोंबणारा उभा कणा नाही, पोट जवळजवळ सपाट आहे. आत सहा भाग करणाऱ्या पाच आडव्या जलरोधक भिंती आणि लांबीच्या दिशेने दोन भिंती आहेत. या बांधणीचा उपयोग १८४६ मध्ये दिसला. २२ सप्टेंबरला आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात जहाज वाळूत चढलं आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तिथेच होतं. हिवाळ्याच्या लाटांपासून वाचवायला ब्रुनेलने फांद्यांच्या जुड्या बांधून समुद्राच्या अंगाला त्यांचा उतरता बांध घालायला लावला. लाकडी जहाज त्या हिवाळ्यात फुटून गेलं असतं. जहाज वाचलं, कंपनी मात्र त्या खर्चात बुडाली.

---

टेम्सकाठ

एक शंका. अनेक ठिकाणी याला "जगातलं पहिलं लोखंडी जहाज" म्हणतात. बरोबर आहे का?

---

शीडवाला

नाही. 'आरन मॅनबी' ही लोखंडी वाफेची बोट १८२२ ची. मळसूत्री पंख्याची, म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या प्रोपेलरची, जहाजंही याच्या आधी होती. 'आर्किमिडीज' हे तसलं जहाज १८४० मध्ये ब्रिस्टलला आलं, त्यावर चाचण्या करूनच ब्रुनेलने बाजूच्या मोठ्या चाकांचा बेत सोडून पंखा निवडला, तोही बांधकाम अर्ध्यावर असताना. नेमकं सांगायचं तर महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या जहाजात लोखंडी अंग आणि पंखा पहिल्यांदा एकत्र आले ते इथे. पाण्यात उतरलं तेव्हा ते जगातलं सर्वांत मोठं जहाज होतं.

---

सुकाणू

इंजिन आणि पंख्याबद्दल लिहितो, कारण लोक तिथे सर्वांत जास्त चुकीचं समजून बाहेर पडतात.

मागच्या टोकाला गोदीत सहा पात्यांचा पंखा दिसतो. व्यास १५ फूट ६ इंच. ही मूळ पंख्याची प्रतिकृती आहे. मूळ पंखा पहिल्या वर्षीच पाती तुटून निकामी झाला: एकेक पातं मधल्या भागाला जोडलेलं, खोल समुद्रातले हिसके जोडावर बसत आणि जोड सुटे. पुढे चार पात्यांचा ओतीव पंखा लावला. कल्पना चुकीची नव्हती, जोडणी कमी पडली. त्या पंख्याची कार्यक्षमता आजच्या पंख्यांच्या फार मागे नाही. पात्याचा पीळ मुळाशी आणि टोकाशी कसा बदलतो ते बाजूला उभं राहून पाहा. पंख्यामागचं सुकाणूही नव्या पद्धतीचं होतं. दांडा पात्याच्या कडेला न ठेवता थोडा आत घेतला आहे, त्यामुळे पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि वळवायला कमी जोर लागतो.

आता जहाजात इंजिनापाशी या. हेही पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे आणि ते फिरतं. चार सिलिंडर, दोन-दोन तिरपे, इंग्रजी 'व्ही' उलटा धरल्यासारखे. प्रत्येकाचा व्यास ८८ इंच, म्हणजे सव्वादोन मीटर. दट्ट्याची धाव ६ फूट. एवढे अवाढव्य का? बॉयलर समुद्राच्या पाण्यावर चालायचे, वाफेचा दाब चौरस इंचाला ५ पौंड इतकाच. दाब कमी म्हणून दट्ट्याचं क्षेत्रफळ मोठं. आणि एवढा मोठा दट्ट्या भराभर हलवता येत नाही, मिनिटाला १८ फेरे ही त्याची चाल. पंख्याला मात्र ५० च्या वर फेरे हवेत. म्हणून मधलं मोठं चाक पाहा: व्यास सुमारे १८ फूट. त्यावरून दातेरी साखळ्या खालच्या ६ फुटी चाकावर जातात. १८ ला ६ ने भागा, तिप्पट वेग. सायकलचं पुढचं मोठं दातेरी चाक आणि मागचं छोटं, तेच गणित. मुलं बरोबर असतील तर त्यांना वरच्या चाकाचा एक फेरा होईपर्यंत खालच्याचे किती होतात ते मोजायला लावा.

आता इशारा. हे इंजिन जहाजात १८५२ पर्यंतच होतं. जहाज विकलं गेलं, ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्यांसाठी नव्याने घडवलं, तेव्हा ते काढून लहान इंजिन बसवलं आणि शिडांवर भर दिला. तळातल्या वर्गाच्या ज्या बाकड्या तुम्ही पाहता त्या ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करणाऱ्यांच्या काळातल्या आहेत. म्हणजे हे इंजिन आणि ते प्रवासी एकाच वेळी जहाजात कधी नव्हते. मांडणीत दोन काळ शेजारी ठेवले आहेत. पाट्या वाचल्या तर कळतं, न वाचता फिरलात तर घोटाळा होतो.

---

गोदीकाठ

सुकाणू, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. हाच घोटाळा डोलकाठ्यांबाबतही होतो. सुरुवातीला सहा होत्या, नंतर जहाज पुन्हा पुन्हा बदललं तशी संख्या कमी झाली. आज दिसतात त्या सहा सुरुवातीच्या रूपानुसार बसवलेल्या आहेत. फॉकलंडच्या वेळची एक मूळ डोलकाठी अजून स्टॅनलीच्या किनाऱ्यावर आडवी ठेवलेली आहे.

---

माजघर

लहान मुलं आणि ज्येष्ठ यांच्या दृष्टीने माझ्याकडून भर.

लिफ्ट आहे, गोदीत आणि जहाजावर दोन्हीकडे जाता येतं. तरी आतल्या वाटा अरुंद आहेत आणि उजेड मुद्दाम कमी ठेवला आहे. ज्यांना मोतीबिंदू आहे किंवा अंधारात तोल जातो त्यांचा हात धरा, विशेषतः तळातल्या बाकड्यांच्या भागात. उंच माणसांनी डोकं सांभाळावं.

मुलांना आधी सांगून ठेवा की आत वास सोडलेले आहेत: स्वयंपाकघरात पावाचा, आणि दुसरीकडे नकोसे वाटणारेही. आवाज येतात. डॉक्टरच्या केबिनीतला पुतळ्यांचा देखावा चारेक वर्षांच्या मुलाला घाबरवू शकतो. तिथून पटकन पुढे न्या आणि बेकरीपाशी थांबा.

तळातल्या बाकडीवर पडून पाहायला मोठ्यांनीही लाजू नये. रुंदी किती, वरची फळी नाकापासून किती दूर, हे पाठ टेकल्याशिवाय कळत नाही. मेलबर्नच्या प्रवासाला दोन महिने लागायचे. साठ रात्री तिथे काढायच्या हे डोक्यात ठेवून पडा. वरच्या डेकवर एक पांढरी रेघ आहे. त्या रेघेपलीकडे पहिल्या वर्गाशिवाय कोणी जायचं नाही. मुलांना ही रेघ दाखवून वर्गवारी समजावणं सोपं जातं.

जेवणाचा डबा नेणार असाल तर बंदराच्या कडेला बाकं आहेत. समुद्रपक्षी हातातली पोळी उचलतात, डबा मांडीवर उघडा टाकून गप्पा मारू नका.

---

उधाण

या जहाजाचा आपल्याशी थेट संबंध आहे, तो इथे नोंदवतो.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा ब्रिटिश सरकारने हे जहाज सैन्य नेण्यासाठी घेतलं. ऑक्टोबरात आयर्लंडमधल्या कॉर्कहून १७ वी लान्सर्स ही घोडदळाची पलटण घेऊन ते निघालं आणि डिसेंबरात मुंबईला पोचलं. सुएझ कालवा अजून झाला नव्हता, त्यामुळे आफ्रिकेला वळसा. त्याआधी क्रिमियाच्या युद्धातही याने हजारोंनी सैनिक वाहिले होते. १७ वी लान्सर्स पुढे १८५८ मध्ये मध्य भारतात तात्या टोप्यांच्या पाठलागावर होती. येवल्यात जन्मलेल्या त्या माणसामागे लागलेले स्वार या डेकवरून मुंबईच्या धक्क्यावर उतरले. ऑस्ट्रेलियाला गेलेले स्थलांतरित आणि १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेला पहिला इंग्लिश क्रिकेट संघ हे तिथे ठळकपणे सांगितलं जातं. मराठी माणसाने जाताना ही १८५७ ची फेरी मनात ठेवून जावं.

प्रवासी आणि खलाशी यांच्या नोंदींत रस असेल तर आवारातच ब्रुनेल इन्स्टिट्यूट आहे. रोजनिशा, पत्रं, आराखडे तिथे जपलेले आहेत. कागद प्रत्यक्ष पाहायचे असतील तर आधी कळवून वेळ ठरवा, आयत्या वेळी गेलात तर हाती काही लागत नाही.

---

टेम्सकाठ

हे वाचून विक्रांत आठवली. ब्रिस्टलवाल्यांनी फुटकं जहाज अर्ध्या जगावरून आणून टिकवलं, आणि मुंबईत अख्खी विमानवाहू नौका असून गेली. तांत्रिक कारण काय?

---

शीडवाला

मुख्य कारण पाणी. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला सेवेतून निघाली, नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, पण ती पाण्यातच. २०१२ मध्ये सुरक्षिततेसाठी प्रवेश बंद झाला, २०१४ मध्ये लिलाव होऊन तोडली गेली. पाण्यात ठेवलेल्या जहाजाचा तळ तपासायला आणि रंगवायला दर काही वर्षांनी गोदीत न्यावंच लागतं. इंजिन बंद, म्हणजे ओढून न्यायचं, आणि तळ पातळ झाला की ओढण्याचाही धोका. एकदोन वेळा चुकलं की खर्च इतका वाढतो की कोणी हात घालत नाही. लाँग बीचची 'क्वीन मेरी' १९६७ पासून अशीच पाण्यात आहे, तिच्याही दुरुस्तीचं ओझं सतत आहे. योकोहामाची 'हिकावा मारू' पाण्यातच चांगली राखली आहे, पण मागे नियमित देखभाल आहे.

विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी २००२ मध्ये किनाऱ्यावर ओढून घेतली, म्हणून निदान तळाखालचं पाणी गेलं. खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न उरतोच. विक्रांतसाठी तेवढी मोठी कायमची सुकी गोदी मोकळी देणं हाच खरा खर्च होता. तो उचलायचं ठरलं असतं तर ती आज उभी असती, असं माझं स्पष्ट मत आहे. कोकण किनाऱ्यावर मुंबई ते गोवा प्रवासी नेणाऱ्या बोटींतलीही एखादी अशी उचलून ठेवायला हवी होती. आकाराने लहान, खर्चाने कितीतरी सोपी.

---

रसायनी

सहमत, एक भर घालून. ब्रिस्टलमध्ये गोदी होती म्हणून निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे यंत्रं बारा महिने चालवायचं वीजबिल. कोरडी हवा एकदा करून सोडायची गोष्ट नाही. यंत्र बंद पडलं तर दमटपणा चढतो आणि क्लोराइड पुन्हा कामाला लागतं. मुंबईच्या पावसाळी हवेत २० टक्के टिकवायला ब्रिस्टलपेक्षा कितीतरी जास्त ओलावा ओढावा लागेल. तुमच्या तिकिटाचे पैसे या कामी लागतात, हे गोदीत उभं असताना जाणवतं.

---

टेम्सकाठ

पटलं. फोटोंबद्दल कोणी सांगेल का?

---

सुकाणू

गोदीत फ्लॅश वापरू नका, काचेवर परततो आणि पत्र्याचा पोत सपाट दिसतो. पंख्याचा पूर्ण फोटो हवा असेल तर रुंद लेन्स, मोबाईलची अर्ध्या पटीची चालते. माणूस शेजारी उभा करा, नाहीतर आकार कळत नाही. काचेवरच्या पाण्याचे कवडसे ऊन असेल तरच पडतात, म्हणून ढगाळ दिवशी गेलात तर ते राहिले असं धरून चला. नाळेचा सर्वांत चांगला फोटो गोदीच्या पुढच्या टोकाला, खाली उभं राहून वर पाहत मिळतो.

इंजिनाचा फोटो नव्हे, व्हिडिओ घ्या.

---

उधाण

जहाज पाहून झाल्यावर दोन तास असतील तर बंदराच्या कडेने पश्चिमेकडे कंबरलँड बेसिनपर्यंत चाला. जहाज बंदराबाहेर पडताना अडकलं ती जागा तिथे आहे. ब्रिस्टलचं बंदर दरवाजे लावून कायम भरलेलं ठेवतात, बाहेर एव्हन नदीत भरती-ओहोटीचा फरक १२ मीटरच्या पुढे जातो. जहाज तयार झालं पण लॉकपेक्षा, म्हणजे बंदरातून नदीत जायच्या दरवाजांच्या वाटेपेक्षा, रुंद होतं. ११ डिसेंबर १८४४ ला सकाळच्या भरतीला बाहेर काढताना ते दोन भिंतींत रुतलं. पाणी उतरायच्या आत मागे ओढलं, दिवसभरात लॉकच्या काठाचे दगड उचकटले आणि रात्रीच्या भरतीला ते निसटलं. पाणी उतरेपर्यंत तिथेच अडकलं असतं तर स्वतःच्या वजनाने मोडलं असतं.

१९७० ला परत येतानाही भरतीच मोजली. तरंगत्या तराफ्यावर चढवून ते दक्षिण अटलांटिकमधून ओढत आणलं, ५ जुलैला क्लिफ्टन झुलत्या पुलाखालून एव्हन नदीत वर आणलं, आणि दोन आठवडे उधाणाची वाट पाहून १९ जुलैला गोदीत घेतलं. पाण्यात उतरलं होतं तीच तारीख. पुलाचा आराखडाही ब्रुनेलचा, पण तो पुरा झाला १८६४ ला, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १८४४ मध्ये जहाज बाहेर गेलं तेव्हा वर नुसते दोन खांब होते.

बेसिनच्या टोकाला उभं राहिलात की लॉक आणि पूल दोन्ही एका नजरेत येतात. निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाईलवर पाहा. पूर्ण ओहोटीच्या तासाभर आधी पोचा, म्हणजे नदीचे चिखलाचे उंच उतार उघडे दिसतात आणि लॉकच्या दगडांवर पाणी कुठवर चढतं त्याची काळी रेघ मोजता येते. बूट मात्र पकड असलेले घाला, काठाचे दगड शेवाळाने निसरडे असतात.